मावेजा, माहेरची जमीन आणि घटस्फोट

प्रश्न : समृद्धी महामार्गात वडिलांची जमीन गेली. वडील वारल्यावर मावेजातले १८ लाख माझ्या वाट्याला आले. त्यातले ११ लाख नवऱ्याच्या प्लॉटवर घर बांधायला दिले. आता घटस्फोटाची केस चालू आहे. तो म्हणतो, उरलेल्यातही निम्मे माझे. (जालना जिल्हा)

उत्तर : ताई, निम्मानिम्म असं हिंदू विवाह कायद्यात काही नाही. ज्याच्या नावावर, त्याचं. वडिलांकडून आलेला पैसा हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ च्या कलम १४ नुसार पूर्णपणे तुमचा. खात्यातल्या ७ लाखांत त्याला वाटा नाही.

घरात गेलेल्या ११ लाखांचं मात्र अवघड आहे. प्लॉट त्याचा, आणि तो म्हणणार, बायकोनं संसारासाठी खुशीनं दिले. तेव्हा पैशाची वाट कागदावर दिसली पाहिजे : मावेजा जमा झाल्याची पासबुकातली ओळ, तिथून ठेकेदाराला गेलेला चेक, सळई-सिमेंटच्या पावत्या. माझ्याकडे अशाच एक बाई आल्या होत्या. त्यांनी रोख काढून सासऱ्यांच्या हातात दिली होती. पासबुकात फक्त ‘सेल्फ’ एवढाच शब्द. तो पैसा कुठे गेला हे सगळ्या गावाला माहीत होतं, पण साक्षीला एकही माणूस आला नाही. म्हणून सांगतो, बँकेचा उतारा आजच काढून ठेवा.

प्रश्न : वडिलोपार्जित सहा एकर आहे. बायको निम्मी मागते. आईच्या नावावर करून टाकू का? (औसा)

उत्तर : करू नका. जमिनीत तिला वाटा मिळणार नाही, पण पोटगी ठरवताना जमिनीचं उत्पन्न धरलं जाईल. सर्वोच्च न्यायालयाच्या रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालापासून पोटगीच्या प्रकरणात दोघांनाही मालमत्तेचं शपथपत्र द्यावं लागतं. केस चालू असतानाच्या तारखेला जमिनीवरचं नाव बदलल्याची नोंद (फेरफार) दिसली की तुमच्या शब्दावर कोण विश्वास ठेवील? शिवाय कोर्ट जमिनीवर पोटगीचा बोजाही चढवू शकतं. मूलबाळ आहे का, ते तुम्ही लिहिलं नाही. असेल तर लेकराचा तुमच्या मालमत्तेतला वारसाहक्क घटस्फोटानं तुटत नाही.

प्रश्न : भाऊ म्हणतात, माहेरच्या जमिनीत नवरा वाटा मागेल, त्याआधी हक्कसोड करून दे. (बीड)

उत्तर : सही करू नका. तुमच्या हिश्श्यात नवऱ्याला वाटा मागता येत नाही. तुम्हाला मूलबाळ नसेल आणि मृत्युपत्र केलं नसेल, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १५ नुसार वडिलांकडून आलेली मालमत्ता तुमच्या पश्चात वडिलांच्याच वारसांकडे परत जाते. म्हणजे भावांची भीतीही खरी नाही. एकदा नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र मोडायला दिवाणी दावा लावावा लागतो, आणि त्यात उमर जाते.

प्रश्न : केस चालू असतानाच नवरा वारला. सासरचे म्हणतात, तुझा संबंध संपला. (परभणी)

उत्तर : घटस्फोटाचा हुकूमनामा झाला नव्हता ना? मग तुम्ही त्यांची विधवा आणि पहिल्या वर्गाच्या वारस आहात. मृत्यूचा दाखला आणि लग्नाचा पुरावा जोडून तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज द्या. अर्जाची पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नका.