वकील तारखेला गेलाच नाही, आईचा वाटणीचा दावा गैरहजेरीत निकाली निघाला आणि आता फीसाठी फाइल अडवून ठेवली आहे. काय करावं? (अंबाजोगाई)

फी बाकी असली तरी वकिलाला फाइल अडवून ठेवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2000 सालीच हे स्पष्ट केलंय. फी हवी तर त्याने वेगळा दावा लावावा. पण भांडण नंतर, आधी दावा वाचवा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 9, नियम 9 खाली दावा पुन्हा सुरू करण्याचा अर्ज करायला दावा निकाली काढल्याच्या तारखेपासून फक्त 30 दिवस असतात. मुदत गेली असेल तर सोबत उशीर माफीचा अर्ज जोडा. फाइलची वाट बघत बसू नका. आजच कोर्टात नकलेचा अर्ज टाकून रोजनाम्याची (प्रत्येक तारखेच्या कामकाजाच्या नोंदीची) नक्कल काढा. कोणत्या तारखेला वकील हजर नव्हता ते त्यात लिहिलेलं असतं, आणि पुढे तोच तुमचा खरा पुरावा. नवा वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा; महिलांना तिथे उत्पन्नाची अट नाही, म्हणजे आईला मोफत वकील मिळू शकतो.

मग महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे (वकिलांच्या नियामक संस्थेकडे) अधिवक्ता अधिनियम 1961 च्या कलम 35 खाली गैरवर्तनाची तक्रार करा. ताकीद, निलंबन किंवा सनद रद्द, इथपर्यंत कारवाई होते. नुकसानभरपाई मात्र दिवाणी कोर्टातच मागावी लागेल, कारण सर्वोच्च न्यायालयाच्या 2024 च्या निकालानंतर वकिलाविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येत नाही. आणि नुसती केस हरणं म्हणजे गैरवर्तन नव्हे. तक्रार गैरहजेरी आणि अडवलेल्या फाइलवरच ठेवा.