महाकाय कासवांवर काम करायचंय, मग शाखा कोणती?

नमस्कार ताई,

तुमची लेक बारावी सायन्सला आहे, तिला गालापागोस बेटांवरच्या महाकाय कासवांवर काम करायचंय आणि घरचे म्हणतात, नीट दे, डॉक्टर हो. चिपळूणहून लिहिलेलं तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तिचं मन मोडू नका. फक्त हे काम कसं असतं, ते तिला आधी कळू दे.

गालापागोसमधल्या एस्पान्योला बेटाचंच बघा. 1960च्या दशकात तिथे जेमतेम 14 कासवं उरली होती, 12 माद्या आणि 2 नर. माणसांनी सोडलेल्या शेळ्यांनी बेट खरवडून खाल्लं होतं. ही कासवं सांताक्रूझ बेटावरच्या केंद्रात आणली, अमेरिकेतल्या सॅन दिएगो प्राणिसंग्रहालयातून दिएगो नावाचा नर आला. अंडी उबवणी यंत्रात ठेवायची आणि पिल्लं काही वर्षांची झाली की बेटावर सोडायची, असं दशकानुदशकं चाललं. 1978पर्यंत शेळ्याही हटवल्या. जून 2020मध्ये म्हाताऱ्या कासवांना परत नेलं, तेव्हा बेटावर सुमारे 2,000 कासवं होती. तरी काम संपलेलं नाही. कासवं फड्या निवडुंगाची पानं-फळं खातात आणि तोच तिथे विरळ झालाय. म्हणून जाळीच्या कुंपणात त्याची रोपं वाढवावी लागतात.

म्हणजे या कामाला वनस्पतिशास्त्र लागतं, संख्याशास्त्रही लागतं. कासवांवर उपचार करायचे असतील तर पशुवैद्यकीय पदवी हवी आणि तिचा प्रवेशही नीटच्याच गुणांवर होतो. तेव्हा नीटचा अभ्यास वाया जाणार नाही. रानात राहून अभ्यास करायचा असेल तर माझं स्पष्ट मत: बीएस्सीला वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्र, मग डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था किंवा बंगळुरूचं राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र (एनसीबीएस). जागा मोजक्या, चुरस मोठी. सुरुवातीची कामं बहुधा प्रकल्पापुरती आणि मानधनावरची असतात, त्यामुळे काही वर्षं घरचा आधार लागेल. तेवढी तयारी आहे का, ते मोकळेपणाने बोला.

दरम्यान गुहागरचा किनारा तुम्हाला जवळ आहे. परीक्षा संपताच तिला तिथल्या कासवमित्रांकडे, म्हणजे समुद्री कासवांची घरटी जपणाऱ्यांकडे पाठवा. तिथे अंडी घालणारं ऑलिव्ह रिडले हे समुद्री कासव आहे, पण घरट्याची तारीख, अंड्यांची संख्या, वाळूचं तापमान यांच्या नोंदी ठेवायची सवय तिथेच लागेल. तापमानावर पिल्लू नर की मादी हे ठरतं, समुद्री कासवांत आणि गालापागोसच्या कासवांतही. आणि गालापागोस इक्वेडोरमध्ये आहे, तेव्हा स्पॅनिश आतापासूनच शिकायला लागू दे.