एनमचा उलटा मॅप हाताने लिहावा का?

प्रश्न : एका आडत दुकानासाठी मी जावामध्ये हिशेबाचा प्रोग्राम लिहीत आहे. शेतमालाचे प्रकार एनममध्ये (ठरावीक मूल्यांच्या यादीत) असून प्रत्येकाचा लघुसंकेत देणारे फंक्शन स्विच (प्रत्येक पर्यायासाठी वेगळे उत्तर देणारी रचना) वापरून लिहिले आहे. काटापट्टीवरील संकेतावरून प्रकार ओळखण्यासाठी मात्र उलट दिशेचा दुसरा स्विच लिहावा लागला आणि नवा माल जोडताना तोच हटकून राहून जातो. काय करावे? — एक वाचक, चोपडा

उत्तर : दुसरा स्विच काढूनच टाकावा. एनमची मूल्ये मोजकी व आधीच ठरलेली असल्यामुळे ‘व्हॅल्यूज’ या तयार फंक्शनमधून मिळणाऱ्या प्रत्येक प्रकारावर आपले फंक्शन चालवून, आलेला संकेत ही ‘की’ आणि तो प्रकार ही ‘व्हॅल्यू’ अशा नोंदींनी मॅप (कीवरून व्हॅल्यू शोधून देणारा तक्ता) आपोआप भरता येतो. पहिला स्विच २०२० मधील जावा १४ पासून मिळणाऱ्या स्विच-एक्स्प्रेशनच्या (थेट मूल्य देणाऱ्या स्विचच्या) रूपात, ‘डीफॉल्ट’ (उरलेल्या सर्वांसाठीचा पर्याय) न घालता लिहावा. म्हणजे एखादा प्रकार संकेताविना राहिल्यास प्रोग्राम चालण्याआधी तो तपासणारा कम्पायलरच अडवतो.

खरी मेख वेगळीच आहे. फंक्शन उलटे करायचे तर दोन प्रकारांना एकच संकेत असून चालत नाही, आणि आपल्याकडे कापूस व कांदा हे दोन्ही ‘का’ होण्याचा संभव मोठा. जावातील नेहमीच्या मॅपचे, म्हणजे हॅशमॅपचे, नोंद घालणारे ‘पुट’ अशा वेळी निमूटपणे आधीची नोंद पुसून नवी ठेवते. एनममध्ये कांदा नंतर असेल, तर ऐन हंगामात कापसाची प्रत्येक पट्टी कांद्याच्या खात्यात जाईल आणि कोणतीही त्रुटी दिसणार नाही. त्यापेक्षा मॅप बांधून देणारे ‘कलेक्टर्स.टूमॅप’ वापरावे, कारण एकच की दोनदा आल्यास ते एक्सेप्शन फेकते, म्हणजे त्रुटी दाखवून थांबते. हा मॅप एनममधील स्टॅटिक फायनल फील्डमध्ये (साऱ्या क्लाससाठी एकच असलेल्या, न बदलणाऱ्या जागेत) एकदाच बांधावा, म्हणजे घोटाळा एनमचा क्लास वापरात येतानाच उघड होतो. कन्स्ट्रक्टरमधून (प्रत्येक मूल्य तयार करणाऱ्या कोडमधून) मॅप भरण्याचा मोह टाळावा. स्टॅटिक फील्ड एनमच्या मूल्यांनंतर तयार होत असल्याने कम्पायलर ते मान्यच करत नाही. वेगाचा प्रश्न येथे गौण आहे, दहा-वीस मालांसाठी साधा लूपही पुरतो.

अनोळखी संकेतासाठी मॅपचे ‘गेट’ नल, म्हणजे ‘काहीच नाही’, देते. तेथे ‘इतर’ हा प्रकार परत करण्याची सोय ठेवू नये. संकेत अमान्य असल्याचे दाखवून पट्टी लिहिणाऱ्याला तो पुन्हा विचारावा.