माडीवरची वीज आधी जोडा

प्रश्न : मी पलूस तालुक्यातला शेतकरी, गावच्या पाणीपुरवठा संस्थेचा सचिव. मुलगा सांगलीत कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. लिलावातले सहा जुने कॉम्प्युटर आणून त्यानं घरी माडीवर एकमेकांना जोडलेत. मित्रही त्याच्याच पासवर्डनं त्यावर काम करतात. वायरी जोडायला आयटीआय पुरलं असतं! दोन विषय राहिले म्हणून मी माडीची वीज तोडली. महिना झाला, बोलत नाही. गेटला बसवू की एमपीएससीला?

उत्तर : विषय निघतील. मला टोचला तो तुमचा ‘बसवू’ हा शब्द. विशीतल्या मुलाला कुणी कुठं बसवत नसतं. आणि पोरगा महिनाभर बोलत नाही, हे तुम्ही जाता जाता लिहिलंय. मी पत्राची सुरुवातच तिथून केली असती.

गेट तिसऱ्या वर्षापासून देता येते, एमपीएससीला वय शिल्लक आहे. विषय संपला.

आता वायरींचं. जोडणी हे खरंच एका दुपारचं काम. घाम निघतो तो सहा मशिनचं बळ सगळ्यांत वाटण्यात. लिनक्स, म्हणजे अशा मशिनवरची कार्यप्रणाली, माणसाला नावानं नाही, क्रमांकानं ओळखते. एका मशिनवर १००१ तुमचा मुलगा आणि दुसऱ्यावर १००१ त्याचा मित्र असेल, तर सामायिक डिस्कवर एकाच्या फायली दुसऱ्याच्या मालकीच्या दिसतात. सातबाऱ्यावर गट नंबर चुकल्यावर काय होतं, ते तुम्हाला मी सांगायला नको. पुढं येतं स्लर्म, कामांची रांग लावणारं सॉफ्टवेअर, म्हणजे चक्क पाटकरी. कुणाचं काम कधी, प्रोसेसरच्या किती कोअरवर, किती वेळ. वेळ संपली की बंद. ज्यानं आधी जास्त वापरलं, त्याला रांगेत मागं टाकायचीही सोय असते. टेलच्या शेतकऱ्याला पाणी पोचावं म्हणून तुम्ही पाळीपत्रकावर डोकं खपवता, तेच पोरगं माडीवर शिकतंय. पुण्यात आयसर या विज्ञान संस्थेच्या ‘परम ब्रह्म’ महासंगणकावर अशीच पाळी लावावी लागते. या कामाचा सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचा पदव्युत्तर डिप्लोमाही आहे, प्रवेश सी-कॅट परीक्षेतून.

त्यालाही दोन शब्द सुनवा. सगळे एकाच पासवर्डनं आत जातात, हे चूक आहे. फाईल कुणी उडवली ते ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. प्रत्येकाचं खातं वेगळं हवं, रूटचा, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्याचा, पासवर्ड एकाकडेच, डिस्कवर प्रत्येकाच्या जागेला कोटा. कोट्यावरून मित्रांत भांडणं होतील, तेव्हा तुमचा पाळ्यांचा अनुभव कामाला येईल.

पण त्याआधी वीज. तुम्हीच तोडलीत, तुम्हीच जोडा. वायरमन बोलावू नका.