खोकल्याचं सिरप आणि ‘काही होत नाही’ म्हणणारे साहेब

ताई, मुलाला खोकल्याचं सिरप चालू आहे, राज्य स्पर्धा तोंडावर आलीये आणि सर म्हणतात ‘डॉक्टरची चिठ्ठी आहे ना, काही होत नाही’, हे तुमच्या पोस्टमध्ये वाचलं आणि राहवलं नाही. माझ्या पुतण्याच्या वेळी हेच उत्तर आम्हाला एका कार्यालयात मिळालं होतं.

बाटलीवर ‘टर्ब्युटालिन’ (श्वासनलिका मोकळी करणारा, पण खेळात बंदी असलेला घटक) लिहिलंय का, ते आधी बघा. क्रिकेटपटू पृथ्वी शॉला 2019 मध्ये आठ महिन्यांची बंदी झाली ती याच घटकापायी, आणि तेही खोकल्याच्या औषधातूनच. नुसती चिठ्ठी तिथे चालत नाही. डोप चाचणीत लघवीत सापडलं की जबाबदारी खेळाडूची.

आम्ही बाटली घेऊनच गेलो होतो. साहेबांनी ती हातात घेतली, उलटी-सुलटी केली, लेबल न वाचताच परत ठेवली. “अहो, खोकल्याच्या औषधाला कोण विचारतंय?” लेखी मागितलं तर म्हणे तशी पद्धत नाही. रिपोर्ट आल्यावर हेच साहेब म्हणाले, मी चिठ्ठी जपून ठेवा म्हणालो होतो, औषध घ्या म्हणालो नव्हतो! पोराचा सीझन गेला, पाच टक्के क्रीडा आरक्षणाची आशा गेली, आणि गल्लीत नाव पडलं ते ‘डोपवाला’.

त्याहून जास्त राग येतो तो याचा: जिममध्ये आणि पोलीस भरतीच्या तयारीत काही पोरं मेफेंटरमाइन टोचून घेतात. भूल दिल्यावर उतरलेलं बीपी चढवायचं इंजेक्शन ते! हृदयावर बेतू शकतं, पण त्याला घरचे ‘टॉनिक’ म्हणतात. पडद्यावरच्या हिरोचे सिक्स पॅक कशावर आले, हे तर कोणी विचारतच नाही. उद्या कालिदास कलामंदिरात कुणी गायकाने हात थरथरू नयेत म्हणून प्रोप्रानोलॉल ही हृदयाचे ठोके कमी करणारी गोळी घेतली तर ती त्याची खासगी बाब. नेमबाजाने घेतली तर डोपिंग. नियम वेगळे असणार, मान्य. पण खोकला झालेल्या पोराला आणि सुई टोचणाऱ्याला एकाच मापाने मोजू नका, एवढंच माझं म्हणणं. पटलं नाही तर सोडून द्या.

मी डॉक्टर नाही. मुलाला खरंच दमा असेल तर माझं वाचून औषध बंद करू नका. डॉक्टरांना ‘हा स्पर्धेत पळतो’ असं स्पष्ट सांगा, पर्यायी औषध विचारा. साल्ब्युटामॉल या दम्याच्या औषधाचा पंप ठरलेल्या मर्यादेत चालतो. पर्याय नसेलच तर तपासण्यांच्या कागदांसकट नाडाकडे (राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्था) टीयूईचा, म्हणजे उपचारासाठी बंदी असलेलं औषध घेण्याच्या परवानगीचा, अर्ज करा. बंदी घातलेल्या औषधांची यादी दर 1 जानेवारीला नवी लागू होते, त्यामुळे मागच्या वर्षीच्या व्हॉट्सॲप फॉरवर्डवर जाऊ नका. प्रोटीन पावडर घेत असेल तर डबा आणि बॅच नंबर जपून ठेवा; लेबलवर नसलेलंही आत निघतं.

सरांना तोंडी विचारू नका. अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. आणि सिरपच्या लेबलचा फोटो इथे टाका, घटक वाचता येतील असा.