वाचक विचारतात : सांडा कुठला, नर की मादी, आणि गोव्यात पिल्लं काढायची का?

प्रश्न : गेल्या वर्षी ओळखीच्या एकाकडून युरोमॅस्टिक्स, म्हणजे काटेरी शेपटीचा सरडा (सांडा), घेतला, इम्पोर्टेड आहे म्हणाला, कागद काही दिले नाहीत. रंग करडा-तपकिरी, शेपटीसकट सव्वा फूट. हा नक्की कुठला? (एक वाचक, म्हापसा)

रंगावर जाऊ नका, शेपटी बघा. काट्यांच्या दोन रांगांच्या मधे बारीक बिनकाट्याच्या खवल्यांच्या ओळी दिसतायत का? दिसत असतील तर तो आपला भारतीय सांडा, शास्त्रीय नाव सारा हार्डविकी. खऱ्या युरोमॅस्टिक्सच्या काटेरी रांगा एकमेकींना चिकटून असतात, मधे जागाच नसते. दुसरी खूण म्हणजे मागच्या मांडीवर पुढच्या अंगाला काळा डाग, तो भारतीय सांड्याला असतो. 2009 पर्यंत यालाही युरोमॅस्टिक्सच म्हणायचे, त्यामुळे विकणारे जुन्याच नावाने खपवतात आणि घेणाऱ्याला वाटतं आपण परदेशी प्राणी घेतला.

तुमच्या वर्णनावरून मला तोच वाटतोय, आणि तसं असेल तर विषय गंभीर आहे. भारतीय सांडा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहे, घरात ठेवणं, विकणं, विकत घेणं सगळं गुन्हा. हात जोडून सांगतो, घाबरून त्याला पठारावर किंवा शेतात सोडून देऊ नका. हा राजस्थान, कच्छच्या कोरड्या जमिनीतला जीव, गोव्यात तो रानात कुठेच नाही, आणि आपल्याकडच्या पहिल्या जोरदार पावसात त्याचं बीळ पाण्याने भरेल. एखाद्या वकिलाशी बोलून घ्या आणि वन खात्याला स्वतःहून कळवा. दुसऱ्या कुणाला देऊन मोकळं व्हायचं असंही करू नका, तोही गुन्हाच आणि प्राण्याचे हाल तसेच चालू. आधीच रस्त्याकडेला तेल विकणारे या बिचाऱ्यांची कंबर मोडून त्यांना पळता येणार नाही असं करून ठेवतात, त्या तेलात औषध म्हणून काही नसतं, निव्वळ चरबी असते, कुणी विकताना दिसला तर वन खात्याला फोन करा.

प्रश्न : माझ्याकडे दोन ऑर्नेट युरोमॅस्टिक्स (त्यातलीच एक रंगीत जात) आहेत, नोंदणी झालेली आहे. जोडी म्हणून घेतले पण दोघं सारखेच दिसतात. नर-मादी कसं ओळखायचं? (एक वाचक, मडगाव)

नोंदणी केलीत हे फार बरं केलंत. सगळे युरोमॅस्टिक्स साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहेत, म्हणजे आता आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत, आणि 2024 च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागतेच. पुढे पिल्लं झाली तर त्यांचीही.

आता ओळख. आधी वय किती ते बघा, कारण तीन-चार वर्षांच्या आतल्या सांड्याचं कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. मोठे असतील तर त्यांना ऊब देणाऱ्या दिव्याखाली पूर्ण तापू द्या आणि मगच बघा, कारण थंड असताना हे सगळेच काळपट होतात आणि दुपारी तापल्यावर खरा रंग उघडतो, सकाळी सकाळी फोटो काढून पाठवतात त्यावरून काहीच कळत नाही. तापलेला ऑर्नेट नर हिरवा-निळा आणि त्यावर पिवळे-नारिंगी ठिपके, मादी फिकट मातकट. तुमच्या जातीत हे सोपं आहे, ओमान-सौदीकडचा मोठा इजिप्शियन युरोमॅस्टिक्स असता तर रंगावरून काही हाती लागलं नसतं.

रंगाने शंका राहिलीच तर मांडीखाली बघा. तिथे बारीक छिद्रांची ओळ असते, नराची छिद्रं मोठी आणि त्यातून मेणासारखं बाहेर आलेलं, मादीची बारीक, जेमतेम दिसणारी. शेपटीच्या मुळाशी खालून नराला दोन उंचवटे दिसतात, डोकंही रुंद असतं. एकच खूण धरून ठरवू नका, दोन-तीन जुळल्या तरच. आणि शेपटीच्या मुळाशी सळई घालून किंवा दाबून तपासायचं जे कुणी सांगतं ते घरी अजिबात करू नका, आतल्या आत इजा होते.

दोघे नर निघाले तर आजच वेगळे करा. वरवर शांत दिसतात पण एक दिव्याखालची जागा अडवून बसतो आणि दुसरा हळूहळू सुकत जातो.

प्रश्न : माझी युरोमॅस्टिक्सची जोडी चार वर्षांची झाली. यंदा अंडी घ्यायची आहेत. काय तयारी करू? (एक वाचक, फोंडा)

मी सरळच सांगतो, गोव्यात हे करायचं तर आधी कॅलेंडर समोर ठेवा. या प्राण्यांना हिवाळ्याची विश्रांती लागते त्याशिवाय जोडी जमत नाही. त्याआधी दोनेक आठवडे खाणं बंद पण दिवा चालू, म्हणजे पोट रिकामं होतं, पोटात अन्न राहिलं तर थंडीत कुजतं. मग उजेड आणि ऊब हळूहळू कमी करायची. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा 20 च्या आसपास येतो पण दुपारी परत 30 च्या वर, त्यामुळे एसीची खोली लागतेच.

जानेवारीच्या शेवटी उठवलं तर मार्चमधे नर मादीभोवती गोल गोल फिरायला लागतो, मानेला धरतो. मादी तयार नसेल तर सरळ उताणी पडते. अशा वेळी नराला बाहेर काढा, आठवड्याने परत बघा. जुळलं तर चार ते सहा आठवड्यांनी अंडी, म्हणजे एप्रिल-मे. तिला खणायला फूटभर खोल ओलसर वाळूमाती द्या, नाही दिली तर अंडी अडकतात आणि मादी जीवानिशी जाते. अंडी उचलताना फिरवायची नाहीत, ज्या बाजूने आहेत तशीच व्हर्मिक्युलाइटमधे (ओल धरून ठेवणारं हलकं खनिज), 32-33 डिग्रीला, आठ ते बारा आठवडे.

आता मोजून बघा. पिल्लं येणार जुलैत. ज्या जिवाला दिव्याखाली 50 डिग्री आणि बाजूला कोरडी हवा पाहिजे त्याचं पिल्लू आपण ऐन मुसळधार पावसात जन्माला घालतोय. जैसलमेरला वर्षाला साधारण 200 मिलिमीटर पाऊस, आपल्याकडे 3000 च्या घरात. सहारा, सिनाईकडून आलेल्या या जाती तर त्याहून कोरड्यातल्या. दमट हवेत पिल्लांच्या छातीत कफ धरतो, नाका-तोंडातून बुडबुडे येतात आणि इतक्या लहान जिवाला वाचवायला फार वेळ मिळत नाही.

म्हणून माझं मत, बंद खोली, डीह्युमिडिफायर (हवेतला दमटपणा काढणारं यंत्र) आणि लाईट गेली तर इन्व्हर्टर, हे तिन्ही मेच्या आधी तयार नसेल तर यंदा अंडी घेऊ नका. जोडी आहे तशी आनंदात राहू शकते, पंधरा-वीस वर्षं सहज जगतात, एक वर्ष थांबल्याने काही बिघडत नाही. आणि एकेका वेळी दहा-पंधरा पिल्लं झाली तर ती कुणाकडे जाणार, त्या घरात दिवा, युव्हीबी (अतिनील किरणांचा दिवा), नोंदणी सगळं होणार का, हे अंडी यायच्या आधी ठरवा.

मादीला आत्तापासून नीट खायला घाला. शेवग्याचा पाला, जास्वंदीची फुलं आणि पानं, मोड आलेले मूग, कोरडी मसूर, वर कॅल्शियमची पूड. तांबडी भाजी आणि पालक रोज नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवतं. किडे घालू नका, हा शाकाहारी प्राणी आहे.

प्रश्न : माझ्या सांड्याच्या नाकपुड्यांभोवती पांढरं साचतं. सर्दी आहे का? (एक विद्यार्थिनी, डिचोली)

नाही गं. ते मीठ आहे. पाणी वाचवायला हा प्राणी जादा क्षार नाकातल्या ग्रंथींतून बाहेर टाकतो, वाळलं की पांढरी पूड दिसते, ओल्या कापडाने पुसलीस तरी चालेल. मात्र नाक ओलं, चिकट दिसलं किंवा तोंड उघडं ठेवून थंड जागी बसला असेल तर ते वेगळं, लगेच सरपटणाऱ्या प्राण्यांचं कळणाऱ्या डॉक्टरांकडे ने.