आपले प्रश्न : काडेपेटीतला, कुंडीतला आणि कोठीतला फॉस्फरस

या वेळी चार पत्रे फॉस्फरसबद्दल आली. गिरगावचे पत्र तातडीचे आहे, म्हणून ते आधी.

प्रश्न : पन्नास किलो गहू भरले. दुकानदाराने कोठीत ठेवायला कापडात बांधून करड्या रंगाच्या चार गोळ्या दिल्या. 'फॉस्फरसच्या आहेत, वर्षभर किडा लागणार नाही,' म्हणाला. आम्ही चाळीत एकाच खोलीत राहतो. ठेवाव्यात का?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : अजिबात ठेवू नका. वर्णनावरून या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या वाटतात. हवेतला ओलावा लागला की त्यातून फॉस्फिन हा विषारी वायू निघतो, आणि मुंबईच्या हवेत ओलाव्याला तोटा नाही. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून एक ग्रॅम, म्हणजे सुमारे पाऊण लिटर फॉस्फिन सुटतो. दहा बाय बाराची, नऊ फूट उंच खोली धरा. एकाच गोळीचा सगळा वायू त्या बंद खोलीत पसरला, तर हवेच्या दर दहा लाख भागांत २३ भाग फॉस्फिन होतो. कारखान्यातल्या धडधाकट कामगारासाठी आठ तासांची मर्यादा ०.३ भाग मानतात. तुमच्याकडे चार गोळ्या आहेत, आणि त्याच खोलीत मुलेबाळे झोपतात. चाळीत फळ्यांच्या फटींतून वायू शेजारीही जातो. म्हणून तुमच्याइतकाच धोका शेजाऱ्यांनाही आहे. या गोळ्या घरगुती वापरासाठी विकायला परवानगीच नाही. त्या सरकारी गोदामांत आणि प्रशिक्षित कीडनियंत्रकांच्या देखरेखीखाली वापरायच्या असतात.

गोळ्या ठेवून झाल्या असतील तर सगळ्यांनी खोलीबाहेर पडा. जाता जाता उघडता येतील तेवढी दारे-खिडक्या उघडा आणि शेजाऱ्यांना सांगा. लसणासारखा किंवा कुजक्या मासळीसारखा वास येतो का, हे हुंगून पाहत बसू नका. वास आला नाही म्हणजे वायू नाही, असे होत नाही. गोळ्यांवर पाणी टाकू नका आणि त्या मोरीत, संडासात किंवा ओल्या कचऱ्यात फेकू नका, कारण पाणी लागताच वायू एकदम सुटतो. बाहेरून अग्निशमन दलाला १०१ वर कळवा. कोणाला मळमळ, छातीत जडपणा, चक्कर किंवा खोकला असेल तर थेट मोठ्या रुग्णालयात न्या आणि 'फॉस्फाइडची गोळी' हे शब्द स्पष्ट सांगा. या विषावर उतारा नाही. डॉक्टर हृदय आणि रक्तदाब सांभाळतात, त्यामुळे तिथे एकेक मिनिट मोलाचे असते.

गहू टिकवायचे तर कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळवा. दाणा दाताखाली कडकन फुटला पाहिजे. मग रात्रभर गार होऊ द्या. गरम गहू भरले तर झाकणाला आतून घाम सुटतो आणि तिथूनच बुरशी व सोंडे सुरू होतात. सुकलेला कडुलिंबाचा पाला घाला. डाळींना किलोमागे चमचाभर एरंडेल चोळा. मुंबईत वर्षाचे धान्य भरण्यापेक्षा दोन-तीन महिन्यांचे भरावे, असे आमचे मत आहे.

प्रश्न : बाल्कनीतल्या जास्वंदीला कळ्या येत नाहीत. दर महिन्याला मूठभर डीएपी वर पसरते. आता कोवळी पाने पिवळी पडताहेत. फॉस्फरस कमी पडतोय का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : कमी नव्हे, बहुतेक जास्त झाला आहे. डीएपी म्हणजे डायअमोनियम फॉस्फेट, हे मुळात फॉस्फरसचेच खत. शिवाय त्यात १८ टक्के नत्र (नायट्रोजन) असते. मुठीत चाळीस-पन्नास ग्रॅम खत मावते. बारा इंची कुंडीला दरमहा एवढे म्हणजे मुळे भाजण्याचीच तयारी. शेतीत ज्याला स्फुरद म्हणतात तो फॉस्फरस मातीत जिथे टाकाल तिथेच बसून राहतो, खाली सरकत नाही. त्यात नर्सरीतली लाल माती बहुधा लोहयुक्त असते. लोह आणि अ‍ॅल्युमिनियम स्फुरदाला घट्ट धरून ठेवतात. वर स्फुरदाचा ढीग आणि खाली मुळे उपाशी, अशी गत होते. जास्तीच्या स्फुरदामुळे झाडाला लोह आणि जस्त मिळेनासे होते. कोवळे पान पिवळे पण शिरा हिरव्या, ही त्याचीच खूण. स्फुरद खरोखर कमी असेल तर आधी जुनी पाने गडद, जांभळट होतात आणि झाड खुंटते.

वरची बोटभर माती काढून टाका, शेणखत किंवा गांडूळखत भरा आणि तीन महिने डीएपी बंद ठेवा. त्यानंतर हवे असेल तर सिंगल सुपर फॉस्फेट घ्या. यात नत्र नसते, कॅल्शियम आणि गंधक असते. (पोत्यावरचे '१६ टक्के' हे फॉस्फरस पेंटॉक्साइडच्या हिशेबात असतात, शुद्ध फॉस्फरस सातच टक्के.) खोड आणि कुंडीची कड यांच्या मधोमध पेन्सिलीने चार इंच खोल पाच भोके पाडा. पाचांत मिळून सपाट चमचाभर, म्हणजे पाच ग्रॅम खत घाला, माती ओढा, पाणी द्या. पुढचा हप्ता तीन महिन्यांनी. नवी कुंडी भरताना मात्र तीन चमचे खत खालच्या दोन तृतीयांश मातीत कालवून टाका, म्हणजे मुळांना ते वाटेतच भेटते. हाडांचा चुराही चालतो, पण मुंबईत त्याच्या वासाने उंदीर-मांजरी कुंडी उकरतात. आणि बाल्कनीत चार-पाच तास ऊन येत नसेल, तर कुठल्याच खताने जास्वंद फुलणार नाही.

प्रश्न : पावसाळ्यात काड्या पेटत नाहीत. काडीतला फॉस्फरस ओला होतो का?
– एक वाचक, दादर

उत्तर : काडीत फॉस्फरस नसतोच. गुलात पोटॅशियम क्लोरेट, गंधक आणि सरस असतो. तांबडा फॉस्फरस असतो पेटीच्या कडेच्या पट्टीवर, काचेच्या भुकटीबरोबर. घासताना त्यातला कणभर पांढऱ्या फॉस्फरसमध्ये बदलतो आणि भडकतो. दमट हवेत सरस मऊ पडतो. मग गूल खरवडून निघते, पट्टीवर चिकट थर बसतो. ओली काडी घासत राहिलात तर पट्टीच वाया जाते. पेटी दोन दिवस कोरड्या सावलीत ठेवा, नंतर तांदळाचे दाणे घातलेल्या घट्ट डब्यात. गॅसजवळ वाळवू नका. पूर्वी गुलातच पांढरा फॉस्फरस घालत. त्याच्या वाफेने कारखान्यातल्या कामगारांच्या जबड्याची हाडे सडत. स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात झालेल्या १९०६ च्या करारात काड्यांतल्या पांढऱ्या फॉस्फरसवर बंदी ठरली.

प्रश्न : अंधारात चमकणाऱ्या गणपतीत फॉस्फरस असतो का? मुलाने चाटला तर?
– एक वाचक, भांडुप

उत्तर : नसतो. तिथे बहुधा स्ट्रॉन्शियम अ‍ॅल्युमिनेट किंवा झिंक सल्फाइड असते. ते दिवसाचा प्रकाश साठवून हळूहळू सोडते. गोंधळ नावामुळे होतो. १६६९ मध्ये हॅम्बुर्गच्या हेनिग ब्रँडने मूत्र आटवून जो चमकता पदार्थ काढला, त्याला ग्रीकमधले 'प्रकाश वाहणारा' हे नाव मिळाले. तो पांढरा फॉस्फरस चमकतो, कारण तो हवेत सावकाश जळत असतो. म्हणूनच त्याला पाण्याखाली ठेवावे लागते. एकदा चाटल्याने घाबरू नका, तोंड धुवा. पण रंगाचे पोपडे निघत असतील तर मूर्ती मुलाच्या हाती देऊ नका.